रिपोर्ट नॉर्मल, मग दुखतं ते काय?

सोमवारची ओपीडी होती. बाहेर रांग जिन्यापर्यंत गेलेली. सत्तरीच्या पुढच्या एक आजी समोरच्या स्टुलावर बसल्या आणि त्यांच्या मुलानं कापडदुकानाची एक मोठी पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली. आत सगळे कागदच होते. तीन सोनोग्राफी, चार ईसीजी, हृदयाची इको, कमरेचा एमआरआय, दुर्बिणीनं केलेली पोटाची तपासणी आणि रक्ताच्या रिपोर्टांचा गठ्ठा. ‘‘मॅडम, वर्षात पाऊण लाख गेले. सगळं नॉर्मल आहे. तरी ही ऐकत नाही,’’ मुलगा म्हणाला. आजी एवढंच म्हणाल्या, ‘‘अंगाची आग आग होतीया. तळपायापासनं डोक्यापातुर.’’

मी तपासलं. साखर ठीक होती, बी-१२ ठीक होतं, थायरॉईड ठीक होतं. पायांच्या नसांच्या संवेदना शाबूत होत्या. वजन मात्र वर्षात पाच किलोंनी उतरलं होतं आणि त्यामागे दिसेल असा आजार कोणत्याही तपासणीत नव्हता. मग मी विचारलं, ‘‘आजी, हे नेमकं कधीपासून सुरू झालं?’’ मुलगा म्हणाला, ‘‘वर्षभर झालं असंल.’’ आजी त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, ‘‘म्हसरं इकल्यापासनं.’’

मुलगा ओशाळून हसला. त्याची चूक अशी काहीच नव्हती. दोघेही भाऊ कंपनीत लागलेले, घरी वैरण आणायला कुणी नाही, आईच्यानं आता शेणघाण होत नाही, म्हणून दोन म्हशी विकल्या. आईला आराम मिळावा हाच हेतू. पण पन्नास वर्षं पहाटे चारला उठून धारा काढणाऱ्या बाईला आता चारला जाग येत होती आणि उठून करायला काही नव्हतं. मग हळूहळू जाग तीनला येऊ लागली, मग दोनला. जेवणावरची वासना उडाली. भजनाला जाणं थांबलं. या सगळ्याबद्दल त्यांनी कुणाकडे तक्रार केली नाही. तक्रार केली ती आगीची, कारण त्यांना जाणवत होती ती आग.

हा लेख लिहायचं कारण ती पिशवी. सरकारी रुग्णालयात तीस वर्षं मेडिसिनची ओपीडी करताना अशा पिशव्या मी इतक्या पाहिल्या आहेत की आता दारातूनच ओळखू येतात. या पिशव्या आपण डॉक्टर मंडळी भरतो, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि त्या भरायला घरची माणसंही नकळत हातभार लावतात.

शरीराला ठाऊक असतं

वाईट बातमी ऐकली की आपल्या पोटात खड्डा पडतो, हातपाय गळतात, काळजात चर्र होतं. भीतीनं तोंडाला कोरड पडते, आठवणीनं घसा दाटून येतो. आपली मराठी दुःखाचं वर्णन अवयवांच्या नावांनी करते आणि ते वर्णन शरीरशास्त्राला धरून आहे. भीती वाटली की अॅड्रेनॅलिन वाढतं, नाडी जलद होते, लाळ कमी सुटते, आतड्यांची हालचाल बदलते. घाबरलेला माणूस नकळत भराभर श्वास घेतो. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, गरगरतं. मुंग्या खऱ्या असतात. त्या पाहायला एमआरआय उपयोगाचा नसतो, एवढंच.

दुखण्याचंही तसंच. गुडघ्यातून निघालेला वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत जसाच्या तसा पोहोचत नाही. वाटेत, मज्जारज्जूमध्ये, त्याचा आवाज कमी-जास्त करण्याची सोय असते. मेंदूकडून खाली येणारे आणि वेदना दाबणारे हे मार्ग सिरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन या रसायनांवर चालतात. नैराश्याचाही याच रसायनांच्या कामाशी संबंध असावा, असं मानलं जातं. म्हणून नैराश्य आलेल्या माणसाचा तोच जुना, झिजलेला गुडघा जास्त दुखू लागतो. ड्युलोक्सेटिन हे एकच औषध नैराश्यासाठीही वापरलं जातं आणि मधुमेहात होणाऱ्या पायांच्या जळजळीसाठीही, ते याचमुळे.

मनाचा धक्का हृदयाच्या स्नायूपर्यंत पोहोचू शकतो याचं ठळक उदाहरण म्हणजे ‘ताकोत्सुबो’. जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये या आजाराचं वर्णन केलं. जवळच्या माणसाचा मृत्यू किंवा असाच मोठा आघात झाल्यावर छातीत कळ येते, ईसीजी बिघडतो, हृदयाच्या डाव्या कप्प्याचं टोक फुगून त्याचं आकुंचन मंदावतं. बहुतेक वेळा हृदयाच्या मुख्य रक्तवाहिन्यांत असं काही अडलेलं सापडत नाही की ज्यानं हे सगळं घडावं. हा प्रकार मुख्यतः पाळी गेलेल्या स्त्रियांत दिसतो. जपानी कोळी ऑक्टोपस पकडायला जो अरुंद गळ्याचा मडक्यासारखा सापळा वापरतात, त्याच्या आकारावरून हे नाव पडलं. दुःखानं छाती फुटते असं म्हणणाऱ्या आपल्या आज्या फार चुकत नव्हत्या.

म्हातारपणीच जास्त का?

याची कारणं आपल्या घरांतच सापडतात. आज सत्तरीत असलेल्या पिढीला ‘मला उदास वाटतं’ हे वाक्य बोलायची सवयच नाही. ‘करमत नाही’ म्हणतील, ‘जीव घाबरा होतो’ म्हणतील, पुरुष असले तर तेही म्हणणार नाहीत, ‘गॅस धरतो’ म्हणतील. शिवाय घरात दुखणं ऐकलं जातं, दुःख ऐकलं जात नाही. गुडघा दुखतो म्हटलं की कुणीतरी तेल गरम करून आणतं. मन लागत नाही म्हटलं की, ‘तुम्हाला काय कमी आहे?’ असा प्रश्न येतो. मग माणूस, अगदी न ठरवता, ज्याला उत्तर मिळतं तीच भाषा बोलू लागतो. यात ढोंग नसतं. ‘नाटकं करते’, ‘लक्ष वेधून घ्यायला करतात’ ही वाक्यं मी ओपीडीत रुग्णासमोर ऐकते तेव्हा मला त्या रुग्णाकडे बघवत नाही.

दुसरं कारण, या वयात गमावण्याची यादी मोठी असते. जोडीदार जातो. निवृत्तीनंतर हुद्दा जातो. ऐकू येईनासं झालं की गप्पांमधून माणूस बाहेर पडतो. मुलं परगावी, घर बदललेलं, शेजार तुटलेला. एसटीतून निवृत्त झालेल्या एका चालकांची धडधड मला आठवते. रोज संध्याकाळी सहाला छाती धडधडायची. होल्टर लावून चोवीस तास हृदयाचे ठोके नोंदवले, त्यात वेग थोडा वाढलेला, बाकी काही नाही. सहा ही त्यांच्या मुक्कामी गाडीची सुटायची वेळ होती. सहा वाजले की ते कपडे करून ओसरीवर येऊन बसत, आणि मग काय करायचं ते त्यांना कळत नसे.

हा प्रश्न किती मोठा आहे? २०११ च्या जनगणनेत साठीपुढचे भारतीय १० कोटींहून अधिक होते आणि संख्या वाढतेच आहे. २०१७-१८ मध्ये झालेल्या ‘लासी’ या देशव्यापी पाहणीत ४५ वर्षांपुढचे लोक आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक लोकांना प्रश्न विचारले गेले. त्यात साठीपुढच्यांपैकी सुमारे ८.३ टक्के लोकांमध्ये नैराश्याच्या आजाराची लक्षणं आढळली. पण ‘मला नैराश्य असल्याचं निदान झालं आहे’ असं सांगणारे १ टक्क्याहूनही कमी होते. म्हणजे दहातल्या नऊ जणांच्या आजाराला नावच मिळालेलं नाही. ही माणसं घरीच बसून असतात असं नाही. त्यातली कितीतरी दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात असतात. पित्ताची गोळी, कॅल्शियम, ताकदीचं इंजेक्शन घेऊन परत जातात.

आमचं काय चुकतं

‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका’ हे वाक्य मी स्वतः हजारो वेळा बोलले आहे. मला वाटायचं, मी धीर देते आहे. समोरच्याला मात्र ऐकू येतं ते असं, की तुम्हाला काही झालेलं नाही, तुम्ही उगाच आलात. मग तो दुसऱ्या डॉक्टरकडे जातो आणि पिशवीत आणखी एक रिपोर्ट पडतो. नॉर्मल रिपोर्टचा अर्थ इतकाच, की जे आजार त्या तपासणीत दिसतात ते नाहीत. तिथून पुढे विचारायचं असतं, आणि नेमके तिथेच आम्ही पुढच्या केस पेपरला हात घालतो.

आता याची दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर हा लेख अर्धवट आणि धोकादायक होईल. काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले. पत्नी जाऊन सहा महिने झाले होते. पोटात वरच्या बाजूला दुखायचं, जेवण जात नव्हतं, झोप नव्हती, डोळे सतत भरून यायचे. सोनोग्राफीत काही नव्हतं. मी नैराश्याचं निदान केलं, औषध सुरू केलं आणि मन लावून बोलले. त्यांना जरा बरंही वाटलं. वजन उतरत राहिलं, त्याला मी दुःखाच्या खात्यात टाकलं. साडेतीन महिन्यांनी डोळे पिवळे झाले तेव्हा सीटी स्कॅन केला. स्वादुपिंडाचा कर्करोग होता. तो लवकर सापडला असता तर ते वाचले असते का, हे सांगता येत नाही. हा कर्करोग फार दगाबाज आहे. पण ‘मनाचं आहे’ हा शिक्का मीच मारला होता आणि शिक्का मारल्यावर मी बघायचं थांबवलं होतं, हे खरं आहे. त्यांना नैराश्य होतं, तेही खरं होतं. दोन्ही एकाच वेळी असू शकतं हे मी विसरले.

म्हणूनच ‘शरीराचं की मनाचं’ हा प्रश्नच मला आता चुकीचा वाटतो. मानसिक आजारांच्या निदानासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन निदानपुस्तिकेनं २०१३ च्या आवृत्तीत ही चूक बरीचशी सुधारली. शारीरिक तक्रारींच्या या आजारासाठी ‘तपासणीत कारण न सापडणं’ ही अट काढून टाकली. कारण सापडो वा न सापडो, त्या त्रासानं माणसाचं जगणं किती व्यापलं आहे, हे पाहायला सांगितलं. हृदयविकार असलेल्यालाही भीतीची धडधड होते. संधिवात असलेल्यालाही दुःखानं जास्त दुखतं. दोन्हीकडे बघायला हवं.

न बघण्याची किंमत नुसती पैशात मोजून चालत नाही. अंगदुखीसाठी महिनोन्महिने वेदनाशामक गोळ्या घेतलेल्या वृद्धांच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होतात. ‘झोपेची साधी गोळी’ म्हणून अल्प्राझोलामसारखी औषधं वर्षानुवर्षं चालू राहतात. त्यानं स्मृती मंदावते, रात्री लघवीला उठताना तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं. नैराश्याच्या एका प्रश्नात जे हाती लागलं असतं, ते हाडांच्या वॉर्डात येऊन सापडतं.

मला काय हवं आहे

ओपीडीत वेळ नसतो, ही सबब खरी आहे. एका रुग्णाला तीन-चार मिनिटं मिळतात. पण दोन प्रश्नांना एक मिनिट पुरतं. गेल्या दोन आठवड्यांत, एरवी आवडणाऱ्या गोष्टींत रस वाटेनासा झाला आहे का? आणि, उदास किंवा निराश वाटतं का? जगभर वापरले जाणारे हे दोन प्रश्न आहेत. उत्तर ‘हो, बहुतेक दिवस’ असं आलं तर पुढची चौकशी करायची. माझं म्हणणं असं, की साठीपुढच्या प्रत्येक रुग्णाला रक्तदाब मोजताना परिचारिकेनं हे दोन प्रश्न विचारावेत आणि उत्तर केस पेपरवर रक्तदाबाच्या आकड्याशेजारी लिहावं. गावपातळीवर आशाताई आणि आरोग्य केंद्रातले कर्मचारी हे काम करू शकतात. यासाठी नवं यंत्र लागत नाही, इमारत लागत नाही.

दुसरं, ‘मानसिक’ विभागात पाठवणं म्हणजे उपचार झाले असं समजू नये. मी चिठ्ठी देते आणि निम्मे रुग्ण त्या खोलीपर्यंत पोहोचत नाहीत. ‘मला काय वेड लागलंय?’ म्हणून जिन्यातूनच परत जातात. ज्येष्ठांच्या आरोग्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. त्यात जिल्हा रुग्णालयात ज्येष्ठांसाठी वेगळी ओपीडी आणि दहा खाटांचा वॉर्ड अपेक्षित आहे. मनोविकारतज्ज्ञांनी किंवा समुपदेशकानं त्याच ओपीडीत, आमच्या शेजारच्या टेबलावर बसावं. रुग्ण एका टेबलावरून उठून दुसऱ्या टेबलावर सहज जातो. दुसऱ्या इमारतीत जात नाही. सौम्य आणि मध्यम नैराश्याचे उपचार तर आम्ही फिजिशियननीच सुरू करायला हवेत. उतारवयात या औषधांनी कधी कधी रक्तातलं सोडियम उतरतं, म्हणून डोस कमी ठेवून, रक्त तपासत पुढे जायचं. हे काही अवघड शास्त्र नाही.

तिसरं, पुढची तारीख. शारीरिक तक्रारींनी बेजार असलेल्या रुग्णाला ‘त्रास झाला तर या’ असं सांगितलं की यायला त्रास व्हावाच लागतो. त्याऐवजी एकाच डॉक्टरनं ठरलेल्या दिवशी, त्रास असो वा नसो, बोलवावं. थोडं तपासावं, थोडं ऐकावं. यानं अनावश्यक तपासण्या कमी होतात आणि खरंच काही नवं घडत असेल तर तेही नजरेतून सुटत नाही. शिक्षकांच्या बाबतीत माझ्याकडून जे सुटलं, ते मी दर वेळी वजन लिहून मागच्या आकड्याशी ताडून पाहिलं असतं तर कदाचित आधी दिसलं असतं.

घरच्यांसाठी

‘तुला काही झालेलं नाही’ हे वाक्य घरातून हद्दपार करा. ‘दुखतंय ना, कळतंय मला’ एवढं म्हणा. मग दुखण्याखेरीज दुसरं काहीतरी विचारा. झोप कशी लागते, जेवण जातं का, हल्ली कट्ट्यावर का जात नाही. त्रास कधी सुरू झाला हे विचाराल तेव्हा तारखेवर थांबू नका, त्या सुमाराला घरात काय घडलं होतं तेही आठवा. आणि आईवडिलांना ‘आराम’ देताना त्यांच्याकडचं सगळंच काम काढून घेऊ नका. भाजी निवडणं, दूध आणणं, नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडणं, काहीतरी त्यांच्यावाचून अडू द्या.

त्याच वेळी काही गोष्टींना ‘मनाचं’ म्हणून कधीही बाजूला सारू नका. छातीत नव्यानं येणारी कळ किंवा दम लागणं, एका बाजूची कमजोरी, बोलणं अडखळणं, शौचातून किंवा उलटीतून रक्त, सततचा ताप, उतरत जाणारं वजन, झोपेतून उठवणारं दुखणं, एकाएकी आलेला भ्रम. अशा वेळी आधी दवाखाना, बाकी सगळं नंतर. म्हाताऱ्या माणसाला हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो, नुसत्या थकव्यानं किंवा घामानं.

आणि ‘आता जगून काय करायचंय’, ‘देवानं सोडवावं’ असं वारंवार कानी आलं तर ते म्हातारपणाचं बोलणं म्हणून सोडून देऊ नका. शांतपणे, सरळ विचारा, की जीव द्यावासा वाटतो का. विचारल्यानं तो विचार मनात पेरला जात नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तराची शंका आली तर माणसाला एकटं ठेवू नका, औषधांचे साठे आणि शेतीची कीटकनाशकं हाताशी ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालतो, फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे. दोन्ही आकडे घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

म्हशीवाल्या आजींना मी नैराश्याचं औषध लहान डोसनं सुरू केलं, पंधरा दिवसांनी सोडियम तपासलं. मुलाला बाजूला घेऊन बोलले. म्हशी परत घेणं त्यांना शक्य नव्हतं आणि मी तसं सुचवलंही नाही. पण शेजारच्या घरी दोन जनावरं होती आणि त्या घरच्या सुनेला पहाटेची मदत हवी होती. तीन महिन्यांनी आजी आल्या तेव्हा वजन दीड किलोनं वाढलं होतं, झोप चारपर्यंत लागत होती. ‘‘आग गेली का?’’ मी विचारलं. ‘‘हाय की,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पर मागल्यावानी न्हाई.’’

मी वजन लिहिलं, रक्तदाब लिहिला आणि केस पेपरवर पुढच्या महिन्याची तारीख घातली.